जुनी एसयूव्ही घेण्याआधी तिच्याखाली शिरा

छोट्या गाड्या बघायची सवय असलेला माणूस जुनी एसयूव्ही बघायला गेला की तेच करतो. बाहेरून एक फेरी मारतो, आत बसतो, एसी लावतो, एक चक्कर मारून येतो आणि किमतीवर बोलायला लागतो. छोट्या गाडीत हे एक वेळ निभावून जातं, एसयूव्हीत नाही. वजन जास्त, टायर मोठे, त्यामुळे ब्रेक, बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे) आणि बेअरिंगवर ताण जास्त. त्यात गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी, असेल तर गिअरबॉक्सच्या मागे ताकद पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस, ती ताकद नेणारे पुढे-मागे प्रोपेलर शाफ्ट, डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळे फेरे घेऊ देणारे दोन डिफरन्शियल असा सगळा पसारा असतो. पॉलिश आणि पेंट या पसाऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि बघणाऱ्याची नजरही.

मोठा खर्च काढणारे दोष बहुतेक वेळा दोन ठिकाणी लपलेले असतात: आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनात आणि गाडीच्या पोटाखाली. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी थंड गाडी, मग उभ्या गाडीची बारकाईनं पाहणी, मग चालवणं, मग गरम झालेली गाडी आणि शेवटी रॅम्प, म्हणजे गाडी वर चढवून खालून बघणं. क्रम बदलला की निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत.

सोबत एक चांगली टॉर्च, पांढरं सुती कापड, हातमोजे आणि मोबाइलला जोडता येणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) घ्या. मळले तरी चालतील असे कपडे घाला, नाहीतर ऐन वेळी जमिनीवर आडवं व्हायला मन धजत नाही. गाडी दिवसाउजेडी बघा आणि कोरडी असताना बघा. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक कळत नाही आणि ओल्या इंजिनावर गळती दिसत नाही.

पहिली पायरी: थंड इंजिन

जायच्या आधीच विकणाऱ्याला सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवणं. गरम लागलं तर कारण विचारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. यात संकोच करू नका. थंडीत सुरू न होणारं डिझेल इंजिन, सैल झालेली टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारी साखळी), सुरू होताना येणारा निळा धूर हे सगळं गरम इंजिनात गायब होतं.

सुरू करण्याआधी बॉनेट उघडा. कूलंटच्या टाकीचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं असतं. गरम असताना उघडलं तर आत दाबाखाली असलेलं उकळतं पाणी थेट अंगावर येतं. कूलंट स्वच्छ आणि रंगीत हवं. गंजाळलेलं तपकिरी पाणी दिसलं तर बरेच दिवस कूलंटऐवजी साधं पाणी भरून गाडी चालवलेली आहे. मग रेडिएटर, वॉटर पंप आणि इंजिनाच्या आतले पाण्याचे मार्ग सगळेच संशयात येतात. वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) किंवा ऑइल कूलर गेलेला असू शकतो.

आता डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी. ती ओढून पांढऱ्या कापडावर पुसा, परत पूर्ण आत घाला, परत काढा. डिझेल गाडीचं ऑइल काळं असतं, त्याला घाबरू नका. ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत ते काळं होतंच. बघायचं ते वेगळं. कापडावरचा डाग दोन बोटांत चोळा. त्यात कचकच लागते का? डिझेलचा वास येतो का? पातळी वरच्या खुणेच्याही वर आहे का? डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत ऑइल वाढलेलं दिसलं तर त्यात डिझेल मिसळत असण्याची शक्यता असते. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. साठलेली काजळी तो सुमारे ६०० अंश तापमानाला जाळून टाकतो, आणि त्यासाठी इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं. गाडी नुसतीच जवळच्या अंतरावर फिरत राहिली तर हे जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा पुन्हा सुरू होतं आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना आणि टर्बोला (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) पुरेसं वंगण देत नाही. म्हणून डिझेल एसयूव्ही फक्त शाळा-बाजार करण्यासाठी वापरली गेली होती का, हा प्रश्न नक्की विचारा. अशा गाडीचं रनिंग कमी असतं, पण त्या कमी आकड्यावर फार भाळू नका.

ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. सायीसारखा फिकट चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. थंड हवेत कमी अंतर चालणाऱ्या गाडीत झाकणाखाली थोडा थर नुसत्या बाष्पामुळेही जमतो. पण तोच रंग डिपस्टिकवरही दिसला तर तिथेच थांबा.

दुसरी पायरी: सेल मारताना आणि त्यानंतरची पाच मिनिटं

चावी फक्त ऑन करा, लगेच सेल मारू नका. मीटरमधले सगळे इशारेदिवे लागले पाहिजेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनाचा, एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा मुळात लागलाच नाही तर तो कोणीतरी बंद करून ठेवलेला असू शकतो. हे पेटलेल्या दिव्यापेक्षा वाईट, कारण पेटलेला दिवा निदान काहीतरी सांगतो.

सेल मारायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा आणि तुम्ही सायलेन्सरच्या मागे उभे राहा. धूर बघायचाय. थंड हवेत पांढरट वाफ येऊन दोन-तीन मिनिटांत नाहीशी झाली तर ते साहजिक आहे. पांढरा धूर दाट राहिला आणि त्याला गोडसर वास आला तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय: व्हॉल्व्ह सील, पिस्टन रिंग किंवा टर्बोचे सील. सुरू होताना क्षणभर निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सील असतात, आणि रेस देताना सतत येत असेल तर रिंगा किंवा टर्बो. डिझेलमध्ये रेस दिल्यावर काळ्या धुराचे लोट आले तर इंजेक्टर, चोंदलेला एअर फिल्टर किंवा ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) कुरबूर. डीपीएफ असलेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या टोकात कापड फिरवून बघा. ते काळंकुट्ट निघालं तर डीपीएफ आतून फुटलाय, किंवा पोकळ करून नुसता डबा ठेवलाय.

आवाज ऐका. सुरू होताच पुढच्या बाजूनं दोन-तीन सेकंद खडखडाट येऊन थांबला तर टायमिंग चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर सैल झालाय. गाडीला चेन आहे की बेल्ट, हे जायच्या आधीच माहीत करून घ्या. टायमिंग बेल्ट बदलायचं अंतर इंजिनानुसार साधारण ६०,००० ते १,६०,००० किलोमीटर असतं, आणि तो ठरावीक वर्षांनीही बदलावा लागतो. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन खोलायची वेळ येते. ‘बदललाय’ एवढं तोंडी उत्तर पुरत नाही. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरूनच किमतीचं बोला.

आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन सुरू असताना, ऑइलचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. थोडं थरथरणं चालतं. झाकण उडायला लागलं किंवा तोंडातून धुराचे झोत येऊ लागले तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे जळालेला वायू रिंगांमधून खाली निसटतोय. त्या इंजिनाचं मोठं काम लवकरच निघणार. त्याच वेळी रेडिएटरचा वरचा रबरी पाइप हातात धरून बघा. इंजिन अजून थंडच असताना एक-दोन मिनिटांत तो कडक फुगला तर हेड गॅस्केटमधून कॉम्प्रेशन पाण्यात जातंय. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा कडक थर दिसला तर त्यांचे सील गळतायत.

स्कॅनर लावायची वेळ हीच. त्याचं सॉकेट सहसा स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या वर असतं. साठलेले एरर कोड बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. कोड पुसून टाकणं दोन मिनिटांचं काम आहे. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या मात्र नव्यानं सुरू होतात आणि त्या पूर्ण व्हायला बराच प्रवास लागतो. त्यामुळे स्कॅनरच्या ‘रेडिनेस’ पानावर बहुतेक चाचण्या अपुऱ्या दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. बऱ्याच गाड्या कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले, हेही सांगतात.

तिसरी पायरी: उभी गाडी

चारही टायर एका कंपनीचे, एका मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाणाऱ्या गाडीत हा सुरक्षेचा प्रश्न आहे. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे ताकद चारही चाकांना जाते तेव्हा, तो यंत्राचाही होतो. नवा आणि झिजलेला टायर एकत्र असला की चाकांचे फेरे कमी-जास्त होतात आणि मधलं कपलिंग किंवा डिफरन्शियल सतत तो फरक भरून काढत राहतं, गरम होतं, झिजतं. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. टायर एकाच कडेनं झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलीय, किंवा बुश नाहीतर बॉल जॉइंट गेलाय, किंवा चासीच (गाडीचा खालचा सांगाडा) वाकलीय. कुठलं, ते रॅम्पवर कळेल.

सपाट जागी गाडी उभी करून चारही कोपऱ्यांची उंची बघा. एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर रात्रभर उभी असताना ती कुठल्या कोपऱ्याला बसते, हे सकाळीच दिसतं. सुरू केल्यावर तिचा कॉम्प्रेसर बराच वेळ चालत राहिला तरी हवा कुठेतरी निसटतेय. ही दुरुस्ती साध्या शॉक ॲब्सॉर्बरपेक्षा कितीतरी महाग असते. मागे टोइंग हुक असेल, किंवा तो काढल्याच्या खुणा असतील, तर काय आणि किती ओढलं ते विचारा. जड ट्रेलर ओढलेल्या गाडीचा क्लच, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागचे ब्रेक लवकर थकतात.

पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण गुंडाळीत आत दडलेल्या पट्ट्यावर पाण्याची रेघ आणि गाळाचा पिवळट डाग राहून जातो. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या पट्ट्या, स्पेअर व्हीलचा खड्डा यांत गंज आणि बारीक गाळ शोधा. उग्र अत्तराचा वास आला तर कार्पेटचा कोपरा उचलून बघाच. बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिच्या वायरिंगमधले दोष महिनोन्महिने एकामागून एक वर येत राहतात.

मीटरचा आकडा आणि गाडीची झीज एकमेकांशी जुळतात का, तेही बघा. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, चालकाच्या सीटची कड दबलेली आणि मीटर सांगतंय अगदी कमी, तर सर्व्हिसच्या नोंदी मागा.

चौथी पायरी: चालवून बघताना

रेडिओ आणि पंखा बंद. चक्कर निदान अर्ध्या तासाची हवी. त्यात खराब रस्ता, चढ, मोकळा वेगाचा रस्ता आणि रिकामी जागा हे सगळं यायला हवं. विकणारा एकाच गुळगुळीत रस्त्यावरून नेऊन आणत असेल तर रस्ता तुम्ही ठरवा.

मॅन्युअल गाडीत वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग त्या मानानं वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. इंजिन बंद करताना गाडी जोरात हादरली, आयडलिंगवर गिअरबॉक्सकडून खडखड आली, तर ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचला लागून असलेलं, हादरे शोषणारं जड चाक) संपत आलंय. ते क्लचसोबत बदलायचं म्हटलं की बिल बरंच फुगतं, म्हणून किंमत ठरायच्या आधीच ते कळायला हवं.

ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून धरून डी (पुढे) आणि आर (मागे) आलटून पालटून लावा. गिअर एका क्षणात, हलक्या हातानं पडला पाहिजे. उशीर झाला किंवा धाडकन धक्का बसला तर गिअरबॉक्सचं काम निघणार. हळू वेगात गाडी थरथरत निघाली तर ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच असलेल्या, गिअरबॉक्समध्ये क्लच झिजलेले असू शकतात. सीव्हीटीत (गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) तीच थरथर पट्टा आणि पुलीकडे बोट दाखवते. ‘याचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही’ या उत्तरावर समाधान मानू नका. लाखभर किलोमीटर चाललेल्या गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललं नसेल तर मी ते जोखमीत धरतो.

टर्बोची ओढ साधारण मधल्या आरपीएमला एकसारखी यायला हवी. टर्बो मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो, त्यामुळे त्याच्या बेअरिंगची थोडी झीजही लपत नाही. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा चढता आवाज आला, किंवा चढावर अचानक पिकअप जाऊन गाडी मरगळली, तर पुढे जाऊ नका.

फोर बाय फोर तपासताना नवख्यांची एक चूक गाडीलाच महागात पडते. पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरत्याच लावायच्या, फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो लावून वळवलं तर फेऱ्यांतला फरक जायला जागाच नसते. गाडी अडखळते आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून ही चाचणी मातीवर, वाळूवर किंवा गवतावर करा. फोर हाय (नेहमीच्या वेगाचा फोर बाय फोर) लावा, मीटरमधला दिवा नुसता लुकलुकत न राहता स्थिर झाला का बघा, हळू पुढे-मागे जा. फोर लो (कमी वेग, जास्त ताकद) सहसा गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये लावायचा असतो. वर्षानुवर्षं न वापरलेला फोर बाय फोर गंजून अडकतो, म्हणून ‘मी कधी लावलाच नाही’ ही काही चांगली बातमी नाही.

रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. पुढून टकटक आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा. ॲक्सिलरेटर सोडताना आणि दाबताना खालून ठण्ण आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (त्याचे सांधे). वेगाबरोबर चढणारी, ॲक्सिलरेटर सोडताच सूर बदलणारी गुणगुण डिफरन्शियलची असते. घरघर वळणावर एका बाजूलाच वाढत असेल तर व्हील बेअरिंग: डावीकडे वळताना वाढली तर बहुधा उजवं. पुढे सरळ ॲक्सल असलेल्या, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच सलग आडव्या दांड्यावर असलेल्या, गाडीत वेगात खड्डा लागल्यावर स्टिअरिंग झटके मारत थरथरायला लागलं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबलं नाही, तर पुढच्या रॉडचे बुश आणि जॉइंट झिजलेत. हा जिवाशी खेळ आहे, दुरुस्तीआधी ती गाडी चालवायचीच नाही.

ब्रेक मोकळ्या जागी जोरात मारा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या झाल्यात. गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर अडकतोय.

पाचवी पायरी: गरम गाडी

परत आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. एसी लावून दहा मिनिटं आयडलिंगवर ठेवा. रेडिएटरचा पंखा सुरू झाला पाहिजे आणि तापमानाचा काटा मध्यावरून हलता कामा नये. मग बंद करून पाच मिनिटांनी परत सेल मारा. थंडीत झटकन सुरू होणारं कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून इंधन देणारं) डिझेल इंजिन गरम असताना बराच वेळ सेल खात असेल तर झिजलेल्या इंजेक्टरमधून इंधन परत जातंय. गाडीखाली नवा डाग पडलाय का बघा. एसीचं स्वच्छ पाणी ठिबकणं ठीक आहे.

सहावी पायरी: रॅम्प

एवढं सगळं बरं वाटलं तर ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी रॅम्पवर चढवा. विकणाऱ्याचा मेकॅनिक नको. विकणारा रॅम्पला नकोच म्हणत असेल तर गाडी सोडून द्या.

लॅडर चासीची, म्हणजे शिडीसारख्या सांगाड्याची, गाडी असेल तर दोन्ही मुख्य रेल टॉर्चच्या उजेडात टोकापासून टोकापर्यंत बघा. सुरकुती, नवं वेल्डिंग, एकाच बाजूला वेगळा रंग ही अपघाताची लक्षणं. गंज बहुतेक वेळा मागच्या पाट्यांच्या किंवा स्प्रिंगच्या आधारापाशी आणि आडव्या पट्ट्यांच्या आत, जिथे चिखल साठतो तिथे, सुरू होतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. सलग खणखणीत आवाज मध्येच भद्द झाला तर पत्रा आतून खाल्लाय. संपूर्ण पोटाला ताजा काळा थर फासलेला दिसला तर विकण्याआधी तो का लावला, हे विचारा. चासी नंबर कागदपत्रांशी जुळवा. तो १७ अक्षर-आकड्यांचा असेल तर त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात.

खालच्या संरक्षक पत्र्यावरचे पोचे, लोअर आर्मवरचे ओरखडे ऑफरोडिंग सांगतात. त्यात गैर काही नाही, पण डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचा प्लग उघडून ऑइल बघायला सांगा. दुधाळ निघालं तर खोल पाण्यात गेल्यावर आत पाणी शिरलंय. सीव्ही बूट (सीव्ही जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलेत का, शॉक ॲब्सॉर्बर तेलकट आहेत का, चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवल्यावर प्ले (सैलपणा) येतो का, हे मेकॅनिक दहा मिनिटांत सांगेल.

बुश, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक, टायर, क्लच हे झिजणारे भाग आहेत. त्यांचा खर्च मांडून किमतीतून वजा करायचा. प्रमाणाबाहेर तापणारं इंजिन, दुधाळ इंजिन ऑइल, बॅक कॉम्प्रेशन, वाकलेली किंवा सडलेली चासी आणि पुराचं पाणी यांना मात्र किमतीत बसवायच्या फंदात पडू नका.

गाडी घेतलीच तर पहिल्या आठवड्यात सगळी ऑइलं बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियल. सोबत कूलंट, ब्रेक ऑइल आणि सगळे फिल्टर. डिफरन्शियलच्या ड्रेन प्लगला बहुधा चुंबक असतं. त्यावर राखाडी मऊ लेप जमलेला असतो, ती नेहमीची झीज. तो बोटानं पुसा. खाली धातूचा कपचा लागला तर त्या डिफरन्शियलचा आवाज पुढचे काही दिवस लक्ष देऊन ऐका आणि ५०० किलोमीटरनी प्लग परत उघडा.